मागे घेणं, मागे सरणं: ‘विथड्रॉ’ आणि त्याच्या भाऊबंदांची मुळं कशी शोधावीत

बँकेची स्लिप, निवडणुकीची बातमी, हवामान खात्याचं पत्रक, डॉक्टरांची फाइल. चारही ठिकाणी ‘विथड्रॉअल’ हा एकच इंग्रजी शब्द येतो. मराठीत मात्र आपण पैसे काढतो, उमेदवारी अर्ज मागे घेतो, मान्सून परततो आणि दारू सुटताना माणसाला त्रास होतो. ‘विथड्रॉ म्हणजे मागे घेणे’ एवढंच पाठ करून ठेवलेला विद्यार्थी रिकाम्या जागा भरतो, पण इंग्रजीत अर्ज लिहायला बसला की अडतो. उलट दिशेनंही तीच अडचण. आपल्या एका ‘मागे’साठी इंग्रजीत विथड्रॉ, रिट्रॅक्ट, रिट्रीट, रिसीड, रिकॉइल, रिझाइल, रिव्होक असे कितीतरी शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

कोणता शब्द कुठे, हे मुळातून शिकलं तर पक्कं होतं. यातल्या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक वेगळी हालचाल आहे. कुणी ओढतं, कुणी चालू लागतं, कुणी उडी मारतं, कुणी हाक मारून परत बोलावतं. ती हालचाल कळली की शब्दाला कर्म लागतं की नाही, पुढे ‘फ्रॉम’ येतं की नाही, हे बरंचसं आपोआप कळतं. म्हणून शब्द समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा: इथे हलतंय कोण, आणि त्याला कुणी हलवतंय का?

हाताशी काय ठेवायचं

दोन वेगळ्या प्रकारचे कोश लागतात. एक शिकणाऱ्यांसाठीचा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा लर्नर्स कोश फोनवर मोफत पाहता येतो. त्यात क्रियापदापुढे सकर्मक की अकर्मक याची खूण असते आणि उदाहरणाची वाक्यं असतात. दुसरा व्युत्पत्तीचा. त्यासाठी ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ पुरेशी आहे, तीही मोफत. आणखी खोलात जायचं तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिची पहिली आवृत्ती 1884 ते 1928 या काळात भागाभागानं निघाली आणि प्रत्येक अर्थाखाली जुनी वाक्यं सालासकट दिलेली असतात. छापील कोश मांडीवर घेऊन बसायचं असेल तर कोल्हापुरात 1850 पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. संदर्भ विभाग कुठला, एवढं विचारायचं. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) इंटरनेटवर शोधता येतो, आणि जुन्या क्रियापदांच्या छटा पाहायला तो अजूनही कामाचा आहे.

भाषांतराचं अ‍ॅप या कामाला वापरू नका. ते एका शब्दाला एक शब्द देतं, आणि इथे सगळा घोळ त्यानंच होतो.

क्रम असा ठेवा. आधी ज्या वाक्यात शब्द भेटला ते पूर्ण वाक्य वहीत उतरवा. मागचं आणि पुढचं वाक्य घेतलंत तर उत्तम. मग लर्नर्स कोशात पाहून क्रियापदाचं कर्म आणि त्यापुढचं शब्दयोगी अव्यय अधोरेखित करा. त्यानंतरच व्युत्पत्ती उघडा. उलटा क्रम घेतला तर मूळ डोक्यात बसतं आणि वाक्याचा अर्थ त्याच्या मागे ओढला जातो. ही चूक फार होते, कारण मूळ नेहमी वापरापेक्षा रंजक असतं.

व्युत्पत्तीची नोंद वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘ओई’ म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण 1150 पर्यंतची. ‘एमई’ म्हणजे मध्ययुगीन इंग्रजी, साधारण 1150 ते 1500. ‘ओएफ’ म्हणजे जुनी फ्रेंच. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, म्हणून ‘एमई’च्या मागे बहुतेक वेळा ‘ओएफ’ दिसतं. दुसरं, शब्दापुढे तारांकन असेल तर तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नियम लावून उभा केला आहे. तिसरं, शब्दापुढचं साल म्हणजे शब्द जन्मला ते साल नव्हे. लेखी पुरावा मिळाला ते साल. बोलण्यात तो आधीपासून असणारच.

‘विथड्रॉ’: मुळात ओढणं

हा शब्द तेराव्या शतकात लिखाणात दिसू लागतो. दोन्ही तुकडे अस्सल इंग्रजी आहेत: ‘विथ’ आणि ‘ड्रॉ’. जोडणी मात्र लॅटिन ‘रेट्राहेरे’, म्हणजे मागे ओढणे, या शब्दाच्या नमुन्यावर केलेली असावी.

पहिला तुकडा चकवतो. आपल्याला ‘विथ’ म्हणजे ‘बरोबर’ एवढंच ठाऊक असतं. जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ ‘विरुद्ध, समोर’ असा होता. बरोबर या अर्थी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. पुढे ‘मिड’ गेला आणि त्याची जागा ‘विथ’नं घेतली. जुना अर्थ तीन ठिकाणी टिकून राहिला. ‘विथस्टँड’ म्हणजे विरुद्ध उभं राहणं, टिकाव धरणं. ‘विथहोल्ड’ म्हणजे मागे धरून ठेवणं, न देणं. आणि ‘विथड्रॉ’ म्हणजे उलट दिशेला ओढणं. ‘फाइट विथ’ म्हणताना आपण विरोधकाशीच लढतो, तिथेही हाच जुना अर्थ डोकावतो.

दुसरा तुकडा ‘ड्रॉ’, जुन्या इंग्रजीत ‘ड्रागन’, म्हणजे ओढणे. ‘ड्रॅग’ त्याचाच भाऊबंद. टेबलाचा खण ओढून काढायचा म्हणून तो ड्रॉअर. पेन्सिल कागदावरून ओढायची म्हणून चित्र काढणंही ड्रॉ. आणि घरातल्या ड्रॉइंग रूमचा चित्रांशी काही संबंध नाही. जेवणानंतर मंडळी जिथे उठून जायची ती ‘विथड्रॉइंग रूम’. सतराव्या शतकात तिचं पुढचं ‘विथ’ गळलं आणि उरलेलं नाव आपल्याकडे आलं.

ओढणं म्हटलं की ओढणारा हवा, ओढली जाणारी वस्तू हवी आणि जिथून ओढायचं ती जागा हवी. ‘विथड्रॉ’चं वाक्य या तीन खुंट्यांवर उभं राहतं: अमुक माणसानं, अमुक गोष्ट, अमुक ठिकाणाहून. खात्यातून पैसे, स्पर्धेतून संघ, चलनातून नोटा. माणूस स्वतःलाच ओढून घेतो तेव्हा वस्तू गाळता येते. पेठेच्या संघानं शाहू स्टेडियमवरच्या स्पर्धेतून माघार घेतली तर ‘द टीम विथड्र्यू फ्रॉम द टूर्नामेंट’. संघाला व्यवस्थापनानं काढून घेतलं असेल तर संघ कर्म होतो आणि व्यवस्थापन कर्ता. बातमी लिहिणाऱ्यानं हा फरक पाळायलाच हवा, कारण त्यानं जबाबदारी बदलते.

याच तीन खुंट्या लावून अवघड उपयोग सोडवता येतात. व्यसनमुक्तीतले ‘विथड्रॉअल सिम्प्टम्स’ घ्या. इथे ओढून घेतलं जातं ते दारू किंवा तंबाखू, माणूस नव्हे. शरीराला सवय झालेली गोष्ट काढून घेतली आणि शरीर कुरकुरतं, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. म्हणून ‘माघारीची लक्षणे’ हे भाषांतर वाचणाऱ्याला कळत नाही. ‘व्यसन सुटतानाचा त्रास’ म्हटलं की लगेच कळतं. शिक्षकानं मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘विथड्रॉन’ लिहिलं तर मुलाला शाळेतून काढलेलं नाही. तो स्वतःला मिटून घेतो, मिसळत नाही, असं त्याचं म्हणणं आहे.

ओढून घेणं म्हणजे रद्द करणं नव्हे, हेही इथेच पक्कं करून घ्या. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटांची कायदेशीर मान्यताच काढली. 19 मे 2023 ला रिझर्व्ह बँकेनं दोन हजारच्या नोटा चलनातून ‘विथड्रॉ’ केल्याचं जाहीर केलं, पण त्या कायदेशीर चलन राहतील असंही त्याच वेळी सांगितलं. दोन्हींना ‘नोटाबंदी’ म्हणणाऱ्यांनी लोकांना विनाकारण घाबरवलं. निवडणुकीतही असाच काटेकोरपणा लागतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 37 प्रमाणे उमेदवारी मागे घेतल्याची नोटीस एकदा दिली की ती नोटीस मागे घेता येत नाही.

नेहमीच्या चुका दोन. ‘विथड्रॉ बॅक’ लिहू नका. मागची दिशा ‘विथ’मध्येच आहे. आणि नाम लिहिताना ‘डब्ल्यू’नंतरचा ‘ए’ खाऊ नका. शेवटची तीन अक्षरं डब्ल्यू, ए, एल अशी हवीत. बोलताना तो ‘ए’ जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून तो अर्जातून हमखास गळतो. भूतकाळ ‘विथड्र्यू’, तिसरं रूप ‘विथड्रॉन’. ‘विथड्रॉड’ असं काही नाही.

लॅटिन शाखा: ट्रॅक्टरपासून सुरुवात करा

लॅटिन ‘ट्राहेरे’ म्हणजे ओढणे, त्याचं धातुसाधित ‘ट्रॅक्टस’. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर म्हणजे शब्दशः ओढणारा. एवढी एक खूण पक्की केली की उपसर्ग बदलून शब्द उलगडत जातात: अ‍ॅट्रॅक्ट म्हणजे आपल्याकडे ओढणं, एक्स्ट्रॅक्ट बाहेर ओढणं, कॉन्ट्रॅक्ट एकत्र ओढणं, सबट्रॅक्ट खालून ओढून काढणं, डिस्ट्रॅक्ट भलतीकडे ओढणं, रिट्रॅक्ट मागे ओढणं.

मराठी माणसाला ही बांधणी परकी नाही. संस्कृत ‘कृष्’ म्हणजे ओढणे, नांगरणे. त्याला उपसर्ग लागून आकर्षण झालं, निष्कर्ष झाला, संकर्षण झालं, आणि मूळ नांगर ओढण्यातून कृषी. ‘कृष्’ आणि ‘ट्राहेरे’ एकाच मुळाचे नाहीत, तसा दावा करू नका. पण उपसर्ग लावून अर्थ वळवण्याची रीत सारखी आहे, आणि शिकवताना हा पूल फार उपयोगी पडतो. ‘प्रत्याहार’ हा शब्दही असाच. पातंजल योगाच्या आठ अंगांतलं पाचवं, इंद्रियं विषयांपासून मागे खेचून घेणं. इंग्रजी भाषांतरात तिथे बहुधा ‘विथड्रॉअल ऑफ द सेन्सेस’ असतं.

‘रिट्रॅक्ट’ दोन ठिकाणी चालतो. एक, जी वस्तू बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. मांजराची नखं, उजळाईवाडीहून उडालेल्या विमानाची चाकं, बटण दाबायचं बॉलपेन. दोन, उच्चारलेलं विधान. कोशात ही दोन वेगळी क्रियापदं म्हणून येतात, कारण दुसरं ‘रेट्रॅक्टारे’ या थोड्या वेगळ्या लॅटिन रूपातून आलं आहे. मूळ धातू मात्र एकच.

आता कामाचा फरक. तक्रार, प्रस्ताव, अर्ज, दावा हे ‘विथड्रॉ’ करतात. विधान, कबुली, बातमी हे ‘रिट्रॅक्ट’ करतात. तक्रार विथड्रॉ करणारा ती खोटी होती असं म्हणत नाही, पुढे चालवत नाही एवढंच म्हणतो. विधान रिट्रॅक्ट करणारा मात्र सांगतो की ते माझं म्हणणं धरू नका. आरोपीनं दिलेली कबुली त्यानंच नाकारली तर ती ‘रिट्रॅक्टेड कन्फेशन’. ‘ही रिट्रॅक्टेड द केस’ हे वाक्य चूक आहे.

‘रिट्रीट’ हा ‘रिट्रॅक्ट’चा सख्खा भाऊ, फक्त जुन्या फ्रेंचच्या वाटेनं आलेला, म्हणून चेहरा बदलला. सैन्य माघार घेतं तेव्हा हा शब्द. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये बीटिंग आहे ते ढोलाचं, सूर्यास्ताला सैन्यानं तळावर परतावं यासाठीचा तो इशारा. पन्हाळ्यावरच्या रिसॉर्टच्या नावातला ‘रिट्रीट’ म्हणजे गजबजाटापासून दूर जाण्याची जागा. ‘रिटायर’ही ओढण्याचाच, फ्रेंच ‘तिरे’ म्हणजे ओढणे यातून. क्रिकेटमध्ये ‘रिटायर्ड हर्ट’ फलंदाज पुन्हा खेळायला येऊ शकतो; ‘रिटायर्ड आउट’ झालेल्याला प्रतिस्पर्धी कर्णधाराची संमती लागते.

चालत जाणारे: ‘रिसीड’

इथे ओढणारा कुणी नाही. लॅटिन ‘सेडेरे’ म्हणजे जाणे, वाट देणे. ‘रिसीड’ म्हणजे आपणहून मागे जाणं, आणि म्हणून याला कर्म कधीच लागत नाही. पंचगंगेचं पाणी ओसरतं, त्याला नेमका हाच शब्द. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी तिथून खाली येऊ लागलं की ‘द वॉटर इज रिसीडिंग’. ‘प्रशासनानं पाणी रिसीड केलं’ असं इंग्रजीत होत नाही. प्रशासन पाणी उपसतं, सोडतं, वळवतं. ‘ओसरणे’ही मराठीत असंच कर्माशिवाय राहतं, त्यामुळे ही जोडी लक्षात ठेवायला सोपी.

याच घरात रिसेस म्हणजे मधली सुट्टी आणि रिसेशन म्हणजे मंदी. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी स्पेलिंगही याच वेळी उरकावं. ‘सी-ई-ई-डी’ असं शेवट असणारे तीनच: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. ‘एस-ई-डी-ई’चा एकच, सुपरसीड, आणि तोही या घरातला नाही, त्याचं मूळ ‘बसणे’. बाकी सगळे, रिसीडसकट, ‘सी-ई-डी-ई’.

मान्सूनला मात्र हवामान खातं ‘विथड्रॉअल’ म्हणतं. 2020 पासून पश्चिम राजस्थानातून त्याची परतीची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर धरली जाते. भूगोलाच्या पुस्तकात ‘रिट्रीटिंग मान्सून’ दिसेल. दोन्ही चालतात, पण शासकीय पत्रकाचं भाषांतर करताना पत्रकातलाच शब्द धरा.

‘रिकॉइल’: इथे तुकडे पाडताना हमखास चुकतं

शब्द पाहिला की वाटतं, ‘रि’ अधिक ‘कॉइल’, म्हणजे पुन्हा वेटोळं. तसं नाही. कॉइलचं मूळ ‘गोळा करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ‘रिकॉइल’ जुन्या फ्रेंच ‘रेक्युलेर’मधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कूलुस’, म्हणजे ढुंगण. ढुंगणाकडून मागे सरणं. फवारणी पंपाच्या किंवा गवत कापायच्या यंत्राच्या छोट्या इंजिनाला ओढायची दोरी असते, तिला ‘रिकॉइल स्टार्टर’ म्हणतात. तिथे दोरी खरोखरच वेटोळं होऊन आत जाते, त्यामुळे गैरसमज आणखी घट्ट होतो. कोशात पाहिल्याशिवाय उपसर्ग तोडायचा नाही, हा नियम या एका शब्दासाठी तरी पाळाच.

वापर दोन. बंदूक उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा. आणि किळस किंवा भीतीनं अंग झटकन मागे जाणं. त्यात विचार नसतो, म्हणून ठरवून घेतलेल्या माघारीला ‘रिकॉइल’ लावू नका.

अंगाच्या हालचालीचे आणखी तीन शब्द थोडक्यात. ‘श्रिंक’ जुन्या इंग्रजीतला, हातपाय आखडून घेणं. ‘श्रिंक फ्रॉम’ म्हणजे कच खाणं. ‘फ्लिंच’ म्हणजे मार येताना डोळा मिटणं, मान वळवणं. तालमीत उस्ताद जे मोडायला बघतात ते हेच. ‘विन्स’ म्हणजे वेदनेनं चेहरा क्षणभर आक्रसणं. पूर्वी तो घोड्याच्या लाथ झाडण्याला वापरत.

कोर्टातले आणि तोंडचे

कोल्हापुरात 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे इंग्रजी निकालपत्रं वाचण्याची, त्यांच्या बातम्या करण्याची वेळ इथे आता जास्त येते. त्यात ‘द विटनेस रिझाइल्ड फ्रॉम हिज स्टेटमेंट’ हे वाक्य वारंवार भेटेल. ‘रिझाइल’ लॅटिन ‘सालिरे’, म्हणजे उडी मारणे, यातून आला. साक्षीदारानं आपल्या जबाबावरून मागे उडी मारली. मराठीत ‘साक्षीदार फितूर झाला’ म्हणतात, पण सावध राहा. साक्षीदार फितूर घोषित करणं ही न्यायालयातली वेगळी पायरी आहे. नुसतं ‘रिझाइल्ड’ असेल तर ‘जबाबावरून फिरला’ एवढंच लिहा. हा शब्द मुख्यतः स्कॉटलंडच्या आणि आपल्या कोर्टांत टिकला आहे, रोजच्या इंग्रजी पत्रात वापरला तर वाचणारा अडखळेल. ‘रेझिलियंट’, म्हणजे दबून पुन्हा उसळणारा, हाही याच मुळाचा.

‘रिव्होक’मध्ये ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे. ज्यानं दिलं त्यानंच अधिकारानं परत बोलावून घेणं: परवाना, आदेश, मुखत्यारपत्र. ‘रिकँट’मध्ये ‘कांतारे’, गाणे. आधी जे गायलं ते उलटं गाणं. श्रद्धा किंवा सिद्धान्त जाहीरपणे सोडण्याला हा शब्द लागतो. 1633 मध्ये गॅलिलिओला पृथ्वी फिरते हे म्हणणं असंच सोडायला लावलं.

वहीत कसं उतरवायचं

आठवड्याला एकच मूळ घ्या. पानाच्या वर मूळ आणि त्याची हालचाल मराठीत: ‘ओढणे’, ‘जाणे’, ‘उडी’. खाली जास्तीत जास्त पाच शब्द, प्रत्येकापुढे दोन वाक्यं, एक कोशातलं आणि एक स्वतःच्या गावचं. उजव्या बाजूला मराठी प्रतिशब्द, पण नुसता नको. कर्मासह लिहा: पैसे काढणे, शब्द मागे घेणे, पाणी ओसरणे, अंग काढून घेणे, काढता पाय घेणे, हात आखडता घेणे. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं डावी बाजू झाकून पान पुन्हा वाचा. पाचापेक्षा जास्त शब्द एका पानावर कोंबले की बहिणी-बहिणीच एकमेकींत मिसळतात आणि केलेलं काम उलटतं.

पान भरल्यावर स्वतःची परीक्षा घ्या. ‘व्हीनस कॉर्नरवरून पुराचं पाणी ओसरलं’: रिसीड, कारण पाण्याला ओढणारा कुणी नाही. ‘वृत्तपत्रानं चुकीची बातमी मागे घेतली’: रिट्रॅक्ट, बातमी हे विधान आहे. ‘तिनं सोसायटीविरुद्धची तक्रार मागे घेतली’: विथड्रॉ, ती खोटी होती असं तिनं म्हटलेलं नाही. ‘कार्यालयानं परवाना काढून घेतला’: रिव्होक, ज्यानं दिला त्यानंच घेतला. ‘तापलेल्या तव्याला बोट लागताच तिनं हात मागे घेतला’: इथे बहुतेक जण ‘रिकॉइल्ड हर हँड’ लिहितात, आणि ते चूक आहे. ‘रिकॉइल’ला कर्म चालत नाही, तिथे सगळं माणूस मागे सरतं. हात लिहायचाच असेल तर ‘विथड्र्यू’ किंवा साधं ‘ड्र्यू बॅक’ घ्या. ‘रिकॉइल्ड’ ठेवायचं असेल तर हात गाळा.